एका नामाची उधारी

सोप्या शब्दांनी आम्हांस जितके छळले आहे तितके अवघड शब्दांनी कधीच छळले नाही. अवघड शब्द पाहुण्यासारखा असतो. तो क्वचित येतो. आला म्हणजे आपण सावरून बसतो, कोश उघडतो, त्याची कुळकथा विचारतो आणि त्याला जपून वागवितो. सोपा शब्द घरच्या माणसासारखा उठता-बसता समोर असतो, म्हणून त्याच्याकडे पाहावयाचे राहून जाते. गेली अठ्ठावीस वर्षे आम्ही इंग्रजी शिकवीत आहोत. या काळात जे शब्द आपणांस पुरते साधले असे आम्ही समजत होतो, त्यांत 'अटेन्शन' हे एक नाम होते. ते साधलेले नव्हते, हे आम्हांस फार उशिरा कळले. आणि कळले ते वर्गात किंवा ग्रंथालयात नव्हे, तर निमगाव साव्यास आमच्या घरच्या ओसरीवर. ती हकीकत सांगण्यापूर्वी या नामाशी आमची ओळख कशी वाढत गेली, हे सांगितले पाहिजे.

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले आमचे गाव. आमच्या लहानपणी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई; पहिलीपासून ती शिकविण्याचा प्रघात राज्यात २००० साली पडला. परंतु 'अटेन्शन' हा शब्द आम्हांस इंग्रजी मुळाक्षरांच्याही आधी भेटला. कवायत घेणारे गुरुजी एरवी 'सावधान' म्हणत; तपासणीस कोणी साहेब यावयाचे असले म्हणजे 'अटेन्शन' म्हणत. दोहोंचा अर्थ एकच : टाचा जुळवा, छाती पुढे काढा आणि नाकावर माशी बसली तरी हलू नका. पुष्कळ वर्षे आमच्या समजुतीप्रमाणे अटेन्शन ही पायांनी करावयाची गोष्ट होती. 'सावधान' हा शब्द आम्हांस दुसऱ्या एकाच ठिकाणी ठाऊक होता, तो लग्नाच्या मांडवात. तो ऐकून बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची परंपरागत कथा आम्ही ऐकली होती. त्यामुळे सावधान म्हटल्यावर थांबावयाचे की पळावयाचे, याविषयी मनात काही दिवस घोळ होता. सावधान म्हणजे अवधानासह, हे पुढे कळले. म्हणजे मांडवात तो शब्द खरोखर ऐकणारे एकटे रामदासच. बाकीचे आपण सगळे अक्षता टाकणारे!

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी 'माझी आई' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहावयाचा होता. घरातल्या प्रत्येक माणसाकडे आणि गोठ्यातल्या प्रत्येक जनावराकडे आई कसे लक्ष देते, हे आम्ही मोठ्या उमाळ्याने लिहिले, आणि 'लक्ष देते' याचे सरळ 'गिव्ह्ज अटेन्शन' केले. निबंध परत आला तेव्हा सहा ठिकाणी 'गिव्ह्ज' खोडून वर तांबड्या शाईने 'पेज' लिहिलेले होते. 'पे' म्हणजे पैसे चुकते करणे, एवढेच आम्हांस माहीत. आमची आई कोणाचे काही चुकते करीत नव्हती. ती देत होती. आम्ही धीर करून विचारले, "सर, 'गिव्ह' का नाही?" ते म्हणाले, "इंग्रजीत तसे म्हणत नाहीत." हे उत्तर त्या वेळी आम्हांस फार अन्यायाचे वाटले. पुढे आम्हीही तेच उत्तर शेकडो वेळा दिले आहे.

त्याच वर्षी एका इंग्रजी कादंबरीत 'गिव्ह' आणि 'अटेन्शन' ही जोडी आम्हांस सापडली, आणि आम्ही ते पुस्तक घेऊन विजयी मुद्रेने सरांच्या पुढे उभे राहिलो. त्यांनी वाक्य वाचले व हसून म्हणाले, "दोहोंच्या मध्ये काय आहे ते पाहा." मध्ये 'युअर फुल' असे दोन शब्द होते. 'तुमचे पूर्ण', 'थोडेसे', 'अधिक' असे काही मध्ये आले म्हणजे 'गिव्ह' सुखाने नांदते. उघडे 'अटेन्शन' मात्र बहुधा 'पे'च मागते. दुसऱ्याचे लक्ष आपल्याकडे ओढावयाचे असेल तर 'ड्रॉ' किंवा 'अट्रॅक्ट'. ओढलेले टिकवावयाचे तर 'होल्ड'. एखाद्या गोष्टीकडे ते वळवावयाचे तर 'कॉल'. रोग्याला वैद्याची गरज असली म्हणजे 'मेडिकल अटेन्शन'. आणि त्याच नामाचे अनेकवचन केले की अर्थ एकदम प्रियाराधनाकडे झुकतो. एक नाम शिकावयास आम्ही गेलो, तो त्याचे सगळे गणगोत शिकण्याची पाळी आली.

शब्दांच्या या सोयरिकीचा पद्धतशीर अभ्यास पाश्चात्त्यांनीही फार पूर्वी केला असे नाही. हॅरल्ड पामर हे इंग्रज अध्यापक तोक्यो येथे जपान्यांस इंग्रजी शिकविण्याच्या कामी होते. त्यांनी १९३३ साली अशा शब्दजोड्यांची मोठी सूची प्रसिद्ध केली. त्यांचेच सहकारी हॉर्नबी यांनी शिकणाऱ्यांसाठी जो कोश रचला तो महायुद्ध चालू असता १९४२ साली तोक्योतच निघाला, आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. आमच्या पिढीच्या कपाटातला ऑक्सफर्डचा जाडजूड कोश त्याच घराण्यातला. ज्यांनी या सोयरिकीस भाषाशास्त्रात मानाचे स्थान दिले ते फर्थ तर १९१९ ते १९२८ या काळात लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचेच प्राध्यापक होते. शब्दाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, हे त्यांच्या सांगण्याचे सार. आमच्या बेल्ह्याच्या बैलबाजारात हे कोणासही सांगावे लागत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!

किंबहुना या गोष्टीची जाणीव परक्या माणसास आधी होते, आणि मराठीच्या बाबतीत ती शंभर वर्षे आधी झाली होती. कंपनी सरकारच्या लष्करातील मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो कोश उघडून पाहावा. नामापुढे क्रियापदाची खूण घालून त्या नामाबरोबर कोणकोणती क्रियापदे चालतात, ती जागोजाग देवनागरीत छापली आहेत. ती कोणासाठी? आपल्यासाठी खास नव्हे. मराठी माणूस हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो आणि थापाही मारतो. शपथ घेतो, वाहतो आणि प्रसंगी खातो. यांत नवल असे काही आहे, हे त्याच्या कधी ध्यानातही येत नाही. पण आपण उठल्या-बसल्या मारतो तरी किती, हा प्रश्न साहेबास पडल्यावाचून राहिला नसेल. 'अटेन्शन'पाशी जी ठेच आम्हांस लागली, तशाच ठेचा आमच्या बोलीत त्यास पावलोपावली लागल्या, आणि त्या त्याने इमानाने लिहून ठेवल्या.

त्या कोशाने आम्हांस आमच्याच 'लक्षा'कडे पाहावयास शिकविले. आपण लक्ष देतो, लक्ष ठेवतो, लक्ष घालतो, लक्ष वेधतो. कधी लक्ष लागते, कधी लागत नाही. वाटेकडे लागले म्हणजे तर दुसरे काही सुचत नाही. आणि गावाकडे निरोप घेताना माणसे म्हणतात, "लक्ष असू द्या." यांतील प्रत्येकाचे इंग्रजी निराळे आहे. गेल्या वर्षी जुन्नरकडच्याच एका विद्यार्थिनीने लिहिले होते, की उसात बिबट्या असतो म्हणून सुट्टीत तिने शेळ्यांना 'अटेन्शन' दिले. आमचा हात सवयीने 'पे' लिहावयास गेला आणि थबकला. 'पे'ही तेथे चुकीचेच होते. व्याख्यान ऐकावे तसे ही मुलगी शेळ्यांचे ऐकत नव्हती. ती त्यांच्यावर लक्ष ठेवून होती, आणि लक्ष ठेवणे याला इंग्रजीत राखण करण्याचा शब्द लागतो. 'अटेन्शन' तेथे मुळी येतच नाही. तिची चूक क्रियापदाची नव्हती, नामाचीच होती. आणि ती सुधारावयाची तर शेळ्या, ऊस व बिबट्या ही तिन्ही डोळ्यांपुढे आणणे भाग होते.

मग 'देणे' हे आमचे क्रियापद अडाणीपणाचे होते काय? मुळीच नाही. ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांजवळ मागितले ते एक अवधान. आणि ते द्या असेच मागितले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. आमच्या निबंधातल्या त्या चुकीस सातशे वर्षांची परंपरा होती! ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद बोलविले म्हणतात त्या रेड्याची समाधी आमच्याच तालुक्यात आळे येथे आहे. ज्या तालुक्यात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे तेथल्या पोराला इंग्रजी का येऊ नये, असे शाळेत आम्हांस ऐकविले जाई. आम्ही मनात म्हणत असू, की रेड्याला निदान क्रियापदे तरी निवडावी लागली नाहीत.

इंग्रजांचे 'पे' मात्र मनात सलत राहिले. इतर भाषांकडे पाहिले तर प्रत्येकीचा व्यवहार वेगळा. स्पॅनिश माणूस लक्ष उसने देतो, जर्मन ते नजर करतो, फ्रेंच ते करतो. चुकते करणारा इंग्रजच. व्यापाऱ्यांचे राष्ट्र, दुसरे काय करणार, असा विनोद आम्ही वर्गात दरसाल करीत असू, आणि मुले दरसाल हसत. या विनोदाच्या भरात त्या क्रियापदाच्या मुळाकडे आमचे दुर्लक्ष झाले. 'पे' ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ शांत करणे असा आहे. ज्याचे देणे आहे त्याच्या जिवाचे समाधान करणे, तो पैसे चुकते करणे या अर्थापर्यंत आला तो असा. आणि 'अटेन्शन'च्या मुळाशी आहे ताणणे. आपल्यातले काही तरी दुसऱ्याकडे ताणून नेणे. ही दोन्ही मुळे आम्हांस अनेक वर्षे पाठ होती. पाठ असणे निराळे.

चार वर्षांमागची दिवाळी. आम्ही पुण्याहून गावी गेलो होतो, आणि बरोबर उत्तरपत्रिकांचे बाडही नेले होते. ओसरीवर बसून तपासणे चालले होते. आई घरातून ओसरीवर येताना चौकटीवर आदळली. खांदा चोळीत ती म्हणाली, "आरं, कडंचं दिसंना झालंय बघ. म्होरलं दिसतंय, पर कडंचं काय दिसंना."

आम्ही मान वर न करता म्हणालो, "वय झालं, आई. मोतीबिंदू असंल. पिकला की काढून टाकू."

ती "बरं" म्हणाली आणि पणत्या लावावयास गेली. त्या बाडातल्या कोणा विद्यार्थ्याने 'गिव्ह अटेन्शन' लिहिले होते की नाही, ते आता आठवत नाही; लिहिले असणारच, कारण ते दरसाल असतेच; आणि आम्ही ते खोडले असणार, कारण तेही दरसाल होते. पुढे फोनवर तिने आणखी दोनदा तोच विषय काढला. दोन्ही वेळा आम्ही "हं" म्हटले.

वैशाखात ती गोठ्यात डाव्या बाजूच्या गव्हाणीवर पडली, तेव्हा तिला नारायणगावास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. त्यांनी समजावून सांगितले, की या विकारात डोळ्यातला दाब बहुधा वाढतो आणि दृष्टीची शीर हळूहळू निकामी होते. दुखत नाही, खुपत नाही. आधी जाते ते कडेचे. समोरचे शेवटपर्यंत राहते, म्हणून ध्यानात येत नाही. औषधाने पुढचे नुकसान आवरता येते. गेलेले परत येत नाही. आणि मोतीबिंदूदेखील पिकण्याची वाट पाहावी, हा समज आता जुना झाला. आईच्या डाव्या डोळ्याचे बहुतेक गेले होते. उजव्याचे पुष्कळ राखता येण्याजोगे होते. हा विकार घराण्यात उतरतो, तेव्हा तुम्हीही तपासून घ्या, असे ते आम्हांस म्हणाले. मग त्यांनी आईस विचारले, "आजी, हे कधीपासून होतंय?"

"दिवाळीपास्नं. ह्याला सांगितलं व्हतं म्या," आई म्हणाली, आणि लगेच आमची बाजू सावरीत पुढे म्हणाली, "पर त्याला कामं असत्यात. पोरांचे पेपर असत्यात."

डॉक्टरांनी पुण्याच्या रुग्णालयासाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. गाडीत बसल्यावर आम्ही ती वाचली. शेवटची ओळ अशी, की रोग्यास 'अर्जंट अटेन्शन'ची आवश्यकता आहे. वाक्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. विशेषण योग्य, क्रियापद योग्य, नाम योग्य. एवढेच, की ती चिठ्ठी दिवाळीत लिहावयाची होती, आणि लिहिणारे आम्ही होतो. ज्याने शब्दाच्या दोन्ही बाजूंस काय आहे ते पाहावे म्हणून दोन तपे मुलांच्या वह्या तांबड्या केल्या, त्याला आपल्या उजव्या हाताला दोन हातांवर उभी असलेली आई दिसली नव्हती.

आता आईच्या डोळ्यांत रोज रात्री नऊ वाजता औषध घालावे लागते. एरवी ते वहिनी घालतात. शनिवारी-रविवारी आम्ही जातो तेव्हा आम्ही घालतो. औषधे दोन आहेत. एक थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरावयाचा, आणि दुसरे औषध घालण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावयाचे. या पाच मिनिटांत दुसरे काही करता येत नाही. पहिल्या महिन्यात आम्ही ती घड्याळाकडे पाहून काढीत असू. मग बोलणे सुरू झाले. इतक्या वर्षांत आईने आम्हांस कधी विचारले नव्हते ते एका रात्री डोळे मिटल्या-मिटल्या विचारले.

"आरं, तू शिकवतो तरी काय?"

आम्ही सांगितले, की आपण लक्ष देतो म्हणतो ना, तसे इंग्रजीत म्हणत नाहीत. त्यांच्यात लक्ष चुकते करतात.

"म्हंजी उधारी फेडत्यात तसं?"

"तसंच."

आई थोडा वेळ गप्प राहिली. आम्हांस वाटले, जिचे लक्ष देणे आम्ही निबंधात लिहिले होते, ती तरी 'देणे' याच शब्दाची बाजू घेईल. पण ती म्हणाली, "मग त्यांचं बरूबर हाय. दिलेलं काय, मनाला आलं तर देत्यात, न्हाय तर न्हाय. देणं असलं म्हंजी माणूस रात्री झोपताना इचार करतंय."

ज्या 'का'चे उत्तर आम्हांस महाविद्यालयात मिळाले नाही आणि पुढे कोणा विद्यार्थ्यास आम्हांस देता आले नाही, ते असे मिळाले. आमची आई सातशे वर्षांची परंपरा सोडून इंग्रजांकडे गेली, आणि आम्हांस तिच्याशी वाद घालावयास जागा राहिली नाही. वर्गातला तो व्यापाऱ्यांचा विनोद आम्ही तेव्हापासून केलेला नाही. 'गिव्ह' अजूनही खोडतो. नियम तो नियम. मात्र खोडण्यापूर्वी लिहिणाऱ्यास जवळ बोलावून, तुला नेमके काय म्हणावयाचे होते, हे विचारतो. वेळ लागतो. बाड उशिरा संपते.

"झाली का रं पाच मिंटं?" आईने विचारले.

झाली होती. आम्ही दुसरी बाटली उघडली.